मिग-21, 1/48: डब्यावर बायसन, डब्यात बिस

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेले मोकळे. मिग-21 या लढाऊ विमानाचं 48 पट लहान मॉडेल जोडायचा हा संच घ्यावा. आकार चोख आहे, प्लास्टिक चांगलं आहे, सांधे बहुतेक ठिकाणी पुट्टीशिवाय बसतात. पण डब्यावरच्या चित्राला भुलून घेऊ नये. डब्यावर आपल्या हवाई दलाचं ‘बायसन’ झोकात वळताना दाखवलंय आणि आत निघतं ते मिगचं त्याच्या आधीचं रूप, ‘बिस’. साडेचार हजारांच्या घरातल्या वस्तूत एवढी फसगत चालवून घ्यायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी निम्मी चालवून घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना मेल केलाय आणि उत्तराची वाट बघतोय.

मी भुसावळचा. नोकरी रेल्वेत गेली, ॲक्सल म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासण्यात. मॉडेलं बनवायचा नाद रिटायर झाल्यावर लागला. विमानांचं जे काही कळतं ते शेजारच्या अण्णांमुळे. अण्णा मूळचे यावल तालुक्यातले, घरी केळीची शेती, पण स्वतः हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचं धड-पंख दुरुस्त करणारे होते आणि बरीच वर्षं मिग-21 च्या स्क्वाड्रनवर काढली. संच उघडला तेव्हा समोरच बसले होते. “कशाले एवढे पैसे घालवू राहिला भाऊ,” म्हणाले आणि लगेच चष्मा लावून पंख हातात घेतला. तेव्हा हे परीक्षण निम्मं त्यांचं समजा.

डबा उघडल्यावर पहिलं लक्ष गेलं उजव्या पंखाकडे. त्याला पीळ आला होता. पार्सल ऐन मे महिन्यात आलं, आणि आमच्याकडचा मे म्हणजे पत्र्याच्या गोदामात पडलेल्या प्लास्टिकने काय सोसलं असेल ते वेगळं सांगायला नको. पंख कढत पाण्यात बुडवून काचेवर दाबून ठेवला, सरळ झाला. मग व्हर्नियर लावला. खऱ्या मिगचा पंखविस्तार 7.15 मीटर, त्याला 48 ने भागलं की 149 मिलिमीटर यायला हवेत. आले. पंखाच्या पुढच्या कडेचा 57 अंशांचा उतारही बरोबर. इतक्या तोकड्या पंखांवर ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं. या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंतचं अंतर एसटीच्या लांबीत आरामात मावेल एवढंच.

नाक मात्र मन लावून बनवलंय. मिग-21 च्या तोंडातच हवा घ्यायचं भोक आणि त्या भोकाच्या मधोमध शंकू. वेग वाढला की शंकू पुढे सरकतो, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने येणारी हवा इंजिनाला सोसेल इतकी मंदावून आत जाते. संचात शंकू अर्थातच पक्का आहे, पण भोकाची कड सुरेख पातळ दिली आहे. स्वस्त संचांत ती जाडजूड असते आणि अख्खं विमान खेळण्यातलं वाटतं. सूचनापत्रिकेत शंकूच्या आत वजन भरा म्हटलंय, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. मी हायवेवरच्या टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे आणले आणि ठोकून आत बसवले. अण्णा हसले. “आमच्यात तिथं रडार असायचं.”

आणि मिगची सगळी गोम त्या जागेतच आहे. हवेचं तोंड नाकातच ठेवल्यामुळे रडारला मिळाला फक्त तो शंकू. अँटेना जेवढी लहान तेवढा तिचा झोत पसरट आणि ताकद कमी. म्हणून बिसचं रडार जवळच्या कामाचं होतं. विमान वर नेऊन शत्रूच्या मागावर लावायचं काम जमिनीवरून होई. खाली मोठ्या रडारसमोर बसलेला कंट्रोलर दिशा, उंची, अंतर सांगणार, पायलट तिकडे तोंड करून जाणार आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार लावणार. सुखोई-30 चं नाक बघा, हवेची तोंडं खाली नेऊन पुढची अख्खी जागा रडारला दिली आहे. बायसन करताना त्याच चिमुकल्या शंकूत नवं ‘कोप्यो’ रडार बसवलं. त्याला आर-77 सारखं दूरचं क्षेपणास्त्र आणि पायलटच्या हेल्मेटमधून नेम धरता येणारं आर-73 जोडलं. 2004 साली ग्वाल्हेरच्या सरावात अमेरिकेच्या एफ-15 वाल्यांना या म्हाताऱ्याने चांगलंच चकित केलं होतं.

आता मुख्य तक्रारीवर येतो. बायसनची समोरची काच एकसंध, गोलाईची. बिसची तीन तुकड्यांची, मध्ये चौकटी. संचात जो पारदर्शक भाग आहे तो चौकटीवाला. शिवाय बायसनवर पंखांच्या मुळाशी फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे, सोडायची खोकी असतात, तीही नाहीत. म्हणजे कंपनीने जुन्या बिसच्या साच्याला भारतीय डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) लावून डब्यावरचं चित्र तेवढं बदललं. वेग मोजणारी पिटोची दांडी नाकाच्या वरच्या बाजूला जरा उजवीकडे हवी, ती बरोबर आहे, डाव्या बाजूचं कोन मोजणारं पातंही आहे. ज्याने मूळ साचा केला त्याला मिग कळत होतं. ज्याने डबा केला त्याला विक्री कळत होती.

चौकटी घासून काढून काच एकसंध करावी असा विचार आला होता. अण्णांनी हाणून पाडला. “बिस म्हणूनच बनव. बिस काय वाईट होतं?” मग बिसच बनवलं. कोणाला बायसनच हवं असेल तर काच वेगळी शोधावी लागेल आणि तो खर्च धरूनच किंमत बघावी.

रंगवताना शेजारचा नववीतला पोरगा येऊन बसला. राखाडी रंगाची पहिली कोट चढताना त्याने विचारलं, “काका, या रंगामुळे विमान रडारला दिसत नाही ना?” हा गैरसमज इतका पसरलाय की चार ओळी खर्च करतो. साधा राखाडी रंग डोळ्यांसाठी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विमान उशिरा दिसावं एवढ्यासाठी. रडारच्या लहरींना तो रंग काचेसारखा पारदर्शक. लहरी शोषणारे खास लेप असतात, पण ते वेगळं प्रकरण, आणि मुख्य काम लेप करतच नाहीत, आकार करतो.

हे मला लगेच पटायचं कारण माझा धंदा. अल्ट्रासॉनिकने ॲक्सल तपासतो म्हणजे काय करतो? ॲक्सलच्या टोकाला तेल लावायचं, प्रोब टेकवायचा, आवाजाचा ठोका आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट बघायची. पडद्यावर अगदी शेवटी एक मोठा उंचवटा उठतो, तो ॲक्सलच्या दुसऱ्या टोकावरून आलेला. त्याच्या अलीकडे नको तिथे एखादा लहानसा उंचवटा उठला की थांबायचं, प्रोब हलवून पुन्हा बघायचं, कारण तिथे तडा असू शकतो. ठोका सोडल्यापासून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून तडा किती खोलवर आहे ते कळतं. रडार हेच हवेत करतं, आवाजाऐवजी रेडिओ लहरींनी. आणि आमच्याकडे पोर शिकायला आलं की पहिल्या आठवड्यात त्याला एक गोष्ट डोक्यात घालायची: झोताला आडवा असलेला तडा ठणठणीत प्रतिध्वनी देतो, तिरपा असलेला प्रतिध्वनी भलतीकडे फेकतो आणि पडदा साफ दिसतो. ॲक्सल खराब असतो आणि यंत्र म्हणतं चांगला आहे. म्हणून आम्ही तिरपे प्रोबही लावायचो.

अमेरिकेचं एफ-117 म्हणजे तो तिरपा तडा. सगळे पृष्ठभाग अशा कोनात की प्रतिध्वनी पाठवणाऱ्याकडे परत जाऊच नये. तरी 27 मार्च 1999 ला सर्बियन लोकांनी एक पाडलंच. क्षेपणास्त्र जुन्या सोव्हिएत बनावटीचं, आणि शोधायला लांब तरंगांचं जुनं रडार. तरंग लांब झाले की त्या कोनांची जादू ओसरते.

मिग-21 ला असलं काही नव्हतं, त्याची लपायची पुंजी म्हणजे लहान चण. पण त्यातही रडारचं एक गणित आडवं येतं, ते पोराला वहीवर मांडून दाखवलं. विमानाचा प्रतिध्वनी निम्मा केला म्हणून ते निम्म्या अंतरावर दिसत नाही. लहरी जातानाही पसरतात, येतानाही पसरतात, म्हणून अंतराचा चौथा घात लागतो. दिसण्याचं अंतर निम्म्यावर आणायचं तर प्रतिध्वनी सोळापट कमी करावा लागतो. शिवाय समोरून बघितलं तर मिगच्या तोंडातून इंजिनाची फिरती पाती रडारला प्रतिध्वनी देतात. शंकू थोडं झाकतो, सगळं नाही. तेजसमध्ये हवेची वाट वळवून नेली आहे ती यासाठीही.

पोराला सगळ्यात आवडलं ते मात्र फुकटचं लपणं. गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. रडार आपल्या गावात, दहा मीटर उंच खांबावर ठेवलं आणि विमान सपाटीवर शंभर मीटर उंचीने आलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते साधारण 54 किलोमीटरवर आल्याशिवाय दिसणारच नाही. तेच दहा हजार मीटरवरून येत असेल तर सव्वाचारशे किलोमीटरवरूनही नजरेच्या रेषेत येतं. आणि मध्ये सातपुडा असला तर विमान डोंगर ओलांडेपर्यंत रडार आंधळं. ताशी नऊशेने येणारं विमान 54 किलोमीटर साडेतीन-पावणेचार मिनिटांत कापतं. “मग रडार डोंगरावर का नाही ठेवत?” पोराने विचारलं. ठेवतात बाबा. विमानातही ठेवतात, त्यासाठीच तर पाठीवर तबकडी घेतलेली विमानं असतात.

इंजिनाचा मागचा भाग, म्हणजे नोझल, संचात ठीक. आतली आफ्टरबर्नरची (जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या भागाची) कडी उथळ आहे पण मागून कोण बघतंय. आर-25 इंजिन आफ्टरबर्नरवर सुमारे 70 किलोन्यूटन जोर द्यायचं आणि कमी उंचीवर जेमतेम तीन मिनिटांपुरता 97 पर्यंत ताणता यायचं. अण्णा सांगतात, उन्हाळ्यात दुपारी उड्डाण असलं की धावपट्टी जास्त खायचं. साहजिक आहे. 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांहून जास्त विरळ. पंखाला उचल कमी, इंजिनाला हवा कमी, दोन्हीकडून मार. विमान उन्हात उभं असलं तर पत्र्याला हात लावायची सोय नाही, कोपर टेकलं तरी चटका. हे सगळं ते सांगत असताना माझ्या ब्रशवरचा ॲक्रिलिक रंग पंखावर पोचायच्या आत वाळत होता. आपल्याकडे मे महिन्यात रंगकाम पहाटेच करा, नाहीतर रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर घाला.

अपघातांमुळे मिगला चिकटलेला ‘उडती शवपेटी’ हा शब्द अण्णांसमोर काढायची सोय नाही. पोराने काढला आणि अर्ध्या तासाचं व्याख्यान झालं. त्यातलं मला पटलं ते असं. एकच इंजिन, ते बंद पडलं किंवा पक्षी आत गेला की दुसरा आधार नाही. उतरतानाचा वेग फार, टेकताना ताशी 300 किलोमीटरच्या आसपास, आणि नाक वर असल्याने पुढचं नीट दिसत नाही. त्यात पायलटांना शिकवायचं प्रगत जेट विमान 2008 मध्ये हॉक आलं तेव्हा मिळालं. तोपर्यंत किरणसारख्या संथ विमानावर शिकलेला विशी-बाविशीतला पोरगा थेट मिगवर बसायचा. विमान जुनं होतं हे खरंच, पण नुसत्या जुनेपणावर सगळं ढकललं की बाकीचे हिशोब कोणी विचारत नाही. तेजसचा प्रकल्प 1983 चा, पहिलं उड्डाण जानेवारी 2001 चं, पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती 2016 मध्ये. मधली सगळी वर्षं कोणीतरी आकाश सांभाळायचं होतं, म्हणून मिगचं आयुष्य वाढवत वाढवत नेलं. 1963 मध्ये चंदीगडला आलेलं विमान शेवटी 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडलाच निवृत्त झालं. अण्णांनी तो कार्यक्रम मोबाईलवर बघितला आणि त्या दिवशी जेवायला उशीर केला, एवढं वहिनींकडून कळलं.

आता रिव्हेट. या संचात पंखभर, धडभर रिव्हेटची भोकं आहेत, नखाला लागतील अशी. दिसायला देखणी, पण हिशोब करा. चार मिलिमीटरचा रिव्हेट 48 पट लहान केला तर 0.08 मिलिमीटर उरतो. संचातली भोकं त्याच्या कितीतरी मोठी. खऱ्या विमानावर रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसवलेले, वर रंग, चार पावलांवरून दिसतही नाहीत. मी प्रायमर जरा जाड मारून निम्मी बुजवली. एक जोडरेषा मात्र तशीच ठेवली, कारण अण्णांनी तिच्यावर बोट ठेवलं: पंखांच्या मागे धडाभोवती फिरणारी. इंजिन काढायचं असलं की तिथे विमानाचे दोन भाग करायचे आणि शेपटीसकट मागचा अख्खा भाग ट्रॉलीवर मागे ओढायचा. संचात ती रेषा इतर रेषांपेक्षा किंचित खोल आहे. साचा करणाऱ्याला पुन्हा एकदा नमस्कार.

पण सूचनापत्रिकेतलं ‘जुनं दिसण्यासाठी रंगकाम’ हे पान फाडून टाका. त्यात पंखांवर तांबूस गंजाचे ओघळ मारायला सांगितलंय. अण्णांनी ते पान हातात घेतलं आणि खरोखर खदखदून हसले. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढतो कुठे? ते खराब होतं तेव्हा पांढरी पूड धरतं, रंगाखाली फुगवटा येतो, कडेला पापुद्रे सुटतात. तो फुगवटा नखाने दाबून बघायची फिटरची सवय, आणि तो सापडला की फॉर्म 700 मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद झाल्याशिवाय विमान हलत नाही. खरा मळ कुठे असतो तेही त्यांनी दाखवलं. पोटाखाली दोन नळ्यांच्या तोफेमागे काजळी. पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं चढतात तिथे, बुटांनी घासलेला रंग. इंधन भरायच्या झाकणाभोवती ओलसर डाग. हायड्रॉलिक तेलाचा तांबूस ओघळ पोटाखाली, वाऱ्याने मागे ताणलेला. आणि ब्रेकच्या पॅराशूटची नळी शेपटीच्या बुडाशी, तिथली कड कायम खरचटलेली. एखादं झाकण दुसऱ्या विमानावरून काढून बसवलेलं, त्याची राखाडी छटा शेजारच्या पत्र्याशी जुळत नाही. मी नेमकं हे शेवटचं केलं. नाकाजवळचं एक झाकण अर्ध्या छटेने फिकं मारलं. सगळ्या मॉडेलमध्ये बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

विमानाचं खरं म्हातारपण मात्र रंगवता येत नाही, कारण ते वरून दिसत नाही. धातू थकतो हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते आमच्याच खात्यात. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा ॲक्सल मोडून गाडी उलटली, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली. ॲक्सलवर वजन काही जास्त नव्हतं. रोजचंच वजन, रोजच्याच फेऱ्या. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या रेल्वेच्याच इंजिनिअरने ॲक्सल लाखो वेळा वाकवून वाकवून बघितले आणि दाखवलं की पोलादाला एक मर्यादा असते. भार तिच्या खाली ठेवला तर ते जवळपास कितीही फेऱ्या सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान भारही पुरेशा वेळा दिला तर शेवटी ते तडकतंच. म्हणून विमानाचं वय नुसत्या वर्षांत मोजत नाहीत. उड्डाणाचे तास, उतरण्यांची संख्या, किती जोरात वळवलं याचा हिशोब, आणि वर्षं, हे सगळं धरतात. अमेरिकेचं बी-52 शेवटचं 1962 मध्ये बनलं आणि अजून उडतंय, कारण ते सरळ उडतं, कोलांट्या मारत नाही. उलट 2 नोव्हेंबर 2007 ला मिसुरीवर एक एफ-15 वळण घेताना मधूनच तुटलं, पायलट कसाबसा बाहेर पडला. धडाच्या आतला एक लांब सळीसारखा भाग आराखड्यापेक्षा पातळ बनला होता. त्याला हळूहळू तडा गेला आणि पंचविसेक वर्षं कोणाच्या नजरेस पडला नाही.

ॲक्सलला तडा जातो तो बहुतेक वेळा चाक जिथे दाबून बसवलेलं असतं त्याच्या खाली. चाकाने झाकलेल्या जागी. विमानात तो बोल्टच्या भोकाच्या कडेला, पंख धडाला जोडलेल्या ठिकाणी जातो. म्हणजे दोन्हीकडे जिथे बघता येत नाही तिथेच. त्यासाठीच नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यासारख्या ठिकाणी ओव्हरहॉलला विमान गेलं की रंग खरवडून अगदी नागडं करतात, सुटं करतात. कुठे लाल द्रव लावून पुसतात आणि तड्यातून तो परत पाझरतो का बघतात, कुठे एडी करंट, कुठे एक्स-रे, कुठे माझ्यासारखा कोणीतरी प्रोब घेऊन. इथल्या कितीतरी घरांतली माणसं धुळे-मालेगावच्या रस्त्याने ओझरला कामाला गेली. मिगची एफएल, एम आणि बिस ही तिन्ही रूपं तिथेच बनत होती. त्यामुळे सूचनापत्रिकेत ‘रशियन विमान’ असं ठळक छापलंय ते मला खटकलं. डिझाइन रशियन, पण या डब्यातलं विमान ओझरचं असायचीच शक्यता जास्त.

डिकल्स बरे. पातळ आहेत, पाण्यात सुटतात, पण केशरी रंग विटकरीकडे झुकलाय, त्यामुळे वर्तुळ लांबून भलत्याच देशाचं वाटतं. मी दुसऱ्या संचातले उरलेले वापरले. सूचनापत्रिकेतली चित्रं स्पष्ट, मजकूर चार भाषांत आणि चारही भाषांत गोंधळाचा. पायलटची खुर्ची एकाच तुकड्यात असून सुंदर निघाली आहे. चाकांच्या खोबणीत नळ्या-तारा दिल्या आहेत, अण्णांनी त्यातल्या दोन नळ्या ओळखून नावं सांगितली, म्हणजे पास.

पातळ गोंदाची बाटली आपल्या उन्हात दुपारी उघडी ठेवली की महिन्याभराचा माल उडून जातो, तेव्हा झाकण लावत चला. संच मागवायचा तर दिवाळीनंतर मागवा आणि आल्या आल्या पंख सपाट काचेवर ठेवून बघा, पीळ असेल तर तेव्हाच बदलून मागा. पहिल्यांदाच मॉडेल करणाऱ्यांनी 1/72 चा स्वस्त संच घेऊन हात बसवावा. ज्यांना बिसच हवंय त्यांनी डोळे मिटून हा घ्यावा, माझ्याकडून पाचपैकी चार. ज्यांना बायसन हवंय त्यांच्यासाठी अडीच, आणि कंपनीने गोल काच सुटी विकायला काढली तर तो आकडा मी आनंदाने बदलीन.